दुपारी बोलणारी बाई

नाना, आज सकाळी सहाला रेडिओ मी लावला. तेरावं गेल्या रविवारी झालं, शेवटचे पाहुणे काल भुसावळच्या गाडीने परत गेले, आणि आज रविवार आहे. जाताना तुमच्या बहिणीने, आत्याबाईंनी, दोनदा बजावलं की नानाची खाट उभी करून ठेव, घरात बरी नाही दिसत. मी हो म्हटलं आणि ठेवली नाही. रेडिओही खाटेच्या उशाशी त्याच स्टुलावर आहे. बटण फिरवल्यावर आधी खरखर आली, मग दिल्लीच्या त्या निवेदकाने नमस्कार केला. मी सवयीने खाटेकडे तोंड केलं आणि ओठ हलवून सांगितलं, नमस्कार म्हणतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ते रोजच म्हनस. मंग?"

मग काहीच नाही, नाना. मग बातम्या लागल्या, आणि मी चहाला गेले.

तुम्हाला ऐकू येत नव्हतं, आणि बावीस वर्षं मी तुम्हाला दिवसभराचा रेडिओ सांगत आले. हे कोणाला सांगितलं तर लोक हसतात. बहिऱ्या माणसाला रेडिओ कशाला? पण सुरतेत बमरोलीच्या लूमखात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे विचारू नये. एका पत्र्याखाली पन्नास साचे, म्हणजे यंत्रमाग, एकदम धडधडतात. तिथे कोणी ओरडत नाही, कारण ओरडून उपयोग नसतो. समोरचा नुसते ओठ हलवतो आणि तुम्ही दोन साच्यांपलीकडून ते वाचता. तुमचे कान कधी गेले ते तुम्हालाही कळलं नाही, कारण खात्यात कानांचं कामच नव्हतं. घरी आल्यावर मात्र कळलं.

आणि मी लग्न करून आले ती हनुवटीपर्यंत पदर ओढून. आमच्या पारोळ्याकडे सासऱ्यासमोर सून तोंड दाखवत नसे. सुरतेत कोण बघतंय म्हणून सोडायची सोय नव्हती, कारण आपल्या गल्लीत अर्धं गाव राहतं. तुम्ही काही विचारायचात, मी पदराआडून उत्तर द्यायची. तुम्हाला पदर दिसायचा, उत्तर नाही. दोन वर्षं तुम्ही मला गर्विष्ठ समजत होतात. एकदा ह्यांना म्हणालात, "तुनी बायको मुकी शे का रे?" मी स्वयंपाकघरात ऐकलं आणि रडले, की अरे, मी तर प्रत्येक वेळी बोलते.

मग ती सकाळ आली. सकाळचा शेतीचा कार्यक्रम चालू होता. तुमचा तळहात रेडिओवर पालथा ठेवलेला. मी चहाचा कप ठेवला आणि वळले, तर तुम्ही म्हणालात, "पदर मांगे कर बेटा. माले आयकू येत नही."

तेव्हा सासूबाई होत्या, त्यांनी आत पातेलं आपटलं. मी जागच्या जागी उभी. मग पदर मागे केला. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलं, सुनेकडे बघतात तसं नाही, साच्यावरच्या जोडीदाराकडे बघतात तसं. म्हणालात, "आते सांग. काय म्हनस तो?"

तो गव्हावरच्या तांबेऱ्याबद्दल बोलत होता. हिंदीत बोलत होता, मी आपल्या बोलीत सांगत होते, आणि माझी भीड कुठे गेली ते मला कळलं नाही. आपली गावाकडे वीतभर जमीन उरलेली नव्हती. तरी त्या दिवसापासून तांबेरा, मावा, ठिबक, सगळं मी तुम्हाला सांगितलं. मी एकदा विचारलं, आपल्याला काय करायचंय हे? तुम्ही म्हणालात, "माहीत ऱ्हायनं पाहिजे." एवढंच. बारावी झालेली मी, लग्नानंतर पुस्तकाला हात न लावलेली, तुमच्यामुळे मला धूमकेतू माहीत आहेत, संसदेत विधेयक कसं मांडतात ते माहीत आहे, मधमाशी किती लांब जाते ते माहीत आहे. गल्लीतल्या बायका मला वकील म्हणतात. हे तुमचं देणं आहे, आणि मी ते तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही.

आज आठला डॉक्टरांचा कार्यक्रम लागला. कोणी बाई गुडघ्यांबद्दल विचारत होती. मी चपात्या लाटत ऐकलं आणि हसू आलं. ह्याच कार्यक्रमात माझी लबाडी सुरू झाली होती. डॉक्टर कशाहीबद्दल बोलो, कावीळ असो की कानदुखी, शेवटी मी जोडायची, "आणि तो म्हणतो तंबाखू सोडा." तुम्ही डोळे बारीक करून विचारायचात, "तो म्हनस का तू म्हनस?" मी शपथेवर सांगायची, तोच म्हणतो. तुम्ही हसायचात आणि चंची उशीखाली सरकवायचात. दुपारी परत काढायचात.

तुमचं-माझं खरं भांडण एकच झालं, आणि ते मिटलं नाही. ह्यांनी तुमच्यासाठी कानाचं मशीन आणलं. तुम्ही तीन दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं. म्हणालात, "त्यामा समदा साचा सुरू व्हई जातस." ह्यांनी समजावलं, तुमच्या नातीने, पिंकीने समजावलं. मी समजावलं नाही, मी चिडले. पर्वत पाटियाच्या बाजारातून साड्यांचे दोन गठ्ठे आलेले, लेस लावून चारच्या आत द्यायच्या होत्या, आणि तुम्ही खाटेवरून हाक मारताय, काय म्हनस, काय म्हनस. मी शिलाई मशीन थांबवून तुमच्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मग मी काय जन्मभर तुमचा रेडिओ होऊन बसू?"

ऐकू येणाऱ्याला मागून सांगता येतं की तसं नव्हते म्हणाले, तुम्ही चुकीचं ऐकलंत. तुम्ही माझ्या ओठांवर ते वाक्य बघितलं होतं. तुम्ही मान फिरवलीत. दोन दिवस नुसता तळहात ठेवून बसलात आणि मला एकदाही हाक मारली नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच येऊन खाटेच्या पायथ्याशी बसले आणि बातम्या सांगायला लागले. तुम्ही ऐकलंत. माफी मी मागितली नाही, तुम्हीही विषय काढला नाहीत. मशीन अजून डबीत आहे. मी रोज ठरवायची, आज सांगू की मी तसं बोलायला नको होतं. मग काही ना काही काम निघायचं.

दुपारी साडेबाराला भाषण लागलं. कोणी विद्वान गृहस्थ, जड हिंदी. तुमच्या वेळीही तसंच असायचं. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, आणि नेमकी तीच वेळ माझ्या कामाची. तुम्हाला सांगायचं तर मान वर करावी लागे, तुमच्याकडे बघावं लागे, आणि लेस वाकडी जाई. पण तुम्ही बोलायला लागलात की मी नुसतं हूं हूं करत मान हलवली तरी चाले, हात मोकळे राहत. हे मला एका दुपारी उमगलं. तुम्ही विचारलंत काय म्हनस, आणि मी मुळीच ऐकत नव्हते. म्हणून पहिलं सुचलं ते सांगितलं. एक माणूस म्हणतोय, त्याच्या गावात एक विहीर होती, तिचं एका अंगाचं पाणी गोड आणि एका अंगाचं मचूळ.

तुम्ही उठून बसलात. म्हणालात, अशी विहीर आपल्या गावात होती. आणि मग दीड तास तुम्ही त्या विहिरीचं सांगितलंत, तिच्यात कोण पडलं, कोणी काढलं, पोहायला तुम्ही कसे शिकलात. माझ्या सात साड्या झाल्या.

तेव्हापासून दुपारचा कार्यक्रम मी बनवायला लागले, नाना. आज कबूल करते. तुम्ही सोळाव्या वर्षी बारडोलीला ऊसतोडीला आलात हे मला माहीत होतं, म्हणून एके दिवशी रेडिओवर 'ऊस तोडणाऱ्यांच्या मुलाखती' झाल्या. मग बैलबाजार झाला. मग पहिल्या पगाराच्या दिवसाबद्दल श्रोत्यांचे अनुभव. असे कार्यक्रम कधी झालेच नाहीत. दिल्लीत त्या वेळी कोणी तरी अर्थशास्त्र सांगत असायचं. मी दोन वाक्यं बोलायची, तुम्ही तासभर. मला वाटायचं मी काम साधलं.

तुम्ही पत्र लिहाल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. विहिरीच्या दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड तयार. चौथी शिकलेल्या माणसाची हिंदी, म्हणजे मराठीलाच शेवटी 'है' लावलेलं. 'महाशय, आपने विहीर का जो कार्यक्रम दिया वह फार चांगला था. हमारे गाव में भी तशीच विहीर है.' पत्ता तुम्ही माझ्याकडूनच विचारून घेतला होता. ते कार्ड मी पेटीत टाकू कशी? तिथली माणसं म्हणणार, कसली विहीर, कोण हा म्हातारा. मी ते माझ्या लग्नाच्या शालूखाली ट्रंकेत ठेवलं आणि तुम्हाला सांगितलं, टाकलं. पुढे तुम्ही कार्ड सोडून आंतर्देशीय लिहायला लागलात, भाताच्या शितांनी चिकटवून. तीही ट्रंकेत. ती मी उघडली नाहीत. उघडं कार्ड वाचणं वेगळं आणि बंद पत्र फोडणं वेगळं, एवढी लाज मी बाळगली होती. पत्रं दडपायची लाज बाळगली नाही.

आणि दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला श्रोत्यांची पत्रं. तुम्ही अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसायचात. तळहात रेडिओवर, डोळे माझ्या ओठांवर. मी नावं सांगत जायची, कोण कुठला. संपलं की तुम्ही विचारायचात, "उनं का?"

आपलं नाव आलं का, एवढंच. आणि मी म्हणायची, "नही, नाना."

विहीर सांगताना माझी जीभ अडखळली नाही. बैलबाजार सांगितला, मुलाखती सांगितल्या. मग एकदा 'उनं' म्हणायला काय हरकत होती? नाना, त्यासाठी मला तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. पत्र आलं म्हटल्यावर तुम्ही विचारणारच, तो कसं म्हणाला ते सांग. मग तुमच्या तोंडाकडे बघत, तुम्हाला दिसेल असं, सासऱ्याचं पूर्ण नाव माझ्या ओठांनी घ्यायला हवं होतं. पदर तुम्ही मागे करायला लावलात, तो केला. नाव घेणं माझ्याच्याने झालं नाही. रेशनच्या दुकानातही मी कार्ड पुढे करते, नाव सांगत नाही. पिंकी म्हणते, "मम्मी, नाम ही तो है." तिला काय सांगू. माझ्या आईने घेतलं नाही, तिच्या आईने घेतलं नाही, आणि मी धूमकेतू माहीत असलेली बाई, मीही घेतलं नाही.

दवाखान्यात खिडकीवर विचारलं, पेशंटचं नाव? मी आधार कार्ड सरकवलं.

आत तुम्हाला ठेवलं त्या खोलीत सगळ्यांना मास्क. डॉक्टरांना, सिस्टरना, मलाही. तो तिथला नियम होता, त्यांचं काही चुकलं नाही. पण तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे बघत होतात आणि तिथे नुसतं निळं कापड. तीन दिवस तुमच्याशी कोणीच बोललं नाही, कारण तुम्हाला तसंच दिसत होतं. मी हाताने खुणा केल्या, पाटीवर लिहिलं, पण चष्मा काढून ठेवलेला. मी काही करू शकत नव्हते, नाना. नुसती तुमचा पाय धरून उभी राहायची. रविवारी संध्याकाळी पाच मिनिटं आत सोडलं. तुम्ही डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणालात, "पदर मांगे कर."

मी सिस्टरची पाठ वळलेली बघून मास्क खाली ओढला. तुम्ही विचारलंत, "उनं का?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "नही, नाना."

सवयीने निघालं. इतक्या वर्षांची जीभ, ती आपोआप वळली. सिस्टर म्हणाल्या, "बेन, मास्क ऊपर करो." मी वर केला. तुम्ही डोळे मिटलेत. मंगळवारी सकाळी फोन आला. तुम्ही माझं शेवटचं जे ऐकलंत ते 'नाही' होतं, आणि ते खोटंही नव्हतं, खरंही नव्हतं, नुसतं तोंडातून पडलेलं होतं. मी रोज भांडी घासताना तो एक क्षण परत घेते आणि दर वेळी मास्क खाली ओढून 'नही'च म्हणते. दुसरं काही म्हणताच येत नाही.

अंगणात तुम्हाला ठेवलं तेव्हा आत्याबाईंनी मागून माझा पदर हनुवटीपर्यंत ओढला. मी त्याच्याआड तुमच्याशी बोलत होते. बरंच बोलले. मग लक्षात आलं की असं तुम्हाला ऐकू येत नाही, आणि पदर मागे करेपर्यंत तुम्हाला उचललं होतं.

आज दुपारी भाषण चालू असताना मी तुमच्यासारखा तळहात रेडिओवर ठेवला. पहिल्यांदाच. मला वाटायचं ती म्हाताऱ्या माणसाची सवय आहे, उगीच आधाराला. तर नाही. बोलणं हाताला लागतं, नाना. थांबत थांबत लागतं. मध्ये गाणं आलं तर सलग लागतं. म्हणून तुम्ही गाण्याची स्टेशनं सोडली होती का? म्हणायचात, "गानं तू कशी सांगशी?" मी बटण बंद केलं. हात एकदम रिकामा झाला. परत लावलं, परत बंद केलं. लहान मूलही ओळखेल.

मग होळीच्या आठवड्यातली गोष्ट आठवली आणि मी खाटेवर बसून राहिले. पिंकी शाळेतून आली आणि रेडिओ हलवून म्हणाली, "मम्मी, आ तो बंध छे. सेल क्यारना उतरी गया." दोन दिवस सेल संपलेले होते. सणाच्या घाईत मी पहाटेपासून शिलाई मशीनवर, त्या आवाजात मला पत्ता नव्हता. ते दोन्ही दिवस तुम्ही हात ठेवून बसला होतात, मला विचारत होतात काय म्हनस, आणि मी सांगत होते. तेव्हा मला बरंच वाटलं होतं, की चला, नानांना कळलं नाही.

तुम्हाला बहुतेक पहिल्यापासून कळत होतं.

मी ट्रंक उघडली. शालूखालची पत्रं काढली, पंधरा-सोळा असतील. सगळ्यात वरचं घेतलं आणि नखाने शितं सोडवली. तुम्ही लिहिलं होतं:

'महाशय, आपके यहां दोपहर को जो बाई बोलती है वह फार चांगली है. उसको काम बहुत है. उसको सांगना, रोज नवीन नहीं लाया तो चलेगा, कल का ही परत बोला तो भी मैं ऐकूंगा. एक बार हमारा नाव बोलना. बरं वाटेगा.'

दुपारी त्या स्टेशनवर बाई नसते, नाना. बावीस वर्षांत नाही. दुपारचा निवेदक पुरुष आहे. तो बाप्या आहे की बाई हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं आणि तुम्ही कधी विचारलं नव्हतं.

बाकीची पत्रं मी उघडलेली नाहीत. मला धीर होत नाही. तुम्ही ती मलाच लिहीत होतात आणि माझ्याच हातात देत होतात, आणि मी ती तुमच्यादेखत ओटीत घेऊन पेटीत टाकायला जायची. दर रविवारी तुम्ही स्वच्छ सदरा घालून माझ्यासमोर बसायचात. दिल्लीची वाट नव्हतात बघत. किंवा कदाचित बघतही असाल. कदाचित मीच आता सगळं माझ्याकडे ओढून घेते आहे. हे विचारायला घरात दुसरं कोणी नाही, आणि ज्यांना विचारायचं ते तुम्ही.

संध्याकाळी साडेपाचला पत्रं लागली. हे पांडेसऱ्याच्या मिलमध्ये गेलेले, पिंकी क्लासला. मी अंघोळ केली. मशीनवर कापड घातलं. खाटेच्या पायथ्याशी, माझ्या जागेवर बसले आणि पदर मागे केला. निवेदकाने नावं वाचली, मी ती ओठांनी खाटेला सांगितली, कोण कुठला, एकही न गाळता. मग त्याने नमस्कार केला, आणि मी रेडिओ बंद केला.

मग मी म्हणाले, आणि शेवटचं पत्र सुरतेहून, बमरोलीहून. लिहिणाऱ्याचं नाव सुकलाल दौलत पाटील.

बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू झाली. खाटेवरच्या गोधडीची घडी तशीच होती.

उनं, नाना. तुमचं नाव उनं.

मी ते परत एकदा सांगितलं, सावकाश, ओठ नीट दिसतील असं.